रोज चोरीला जाणारं केळं आणि बारा तासांची पाळी

सॅमी रोज डब्यात एक केळं आणायचा, जेवणाबरोबर खायला. ते केळं त्याला कधीच मिळालं नाही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच शेजारच्या मशीनवरचा आइक ते डब्यातून हळूच लांबवायचा, ‘बनाना टाइम!’ अशी आरोळी ठोकायचा आणि सगळ्यांदेखत फस्त करायचा. सॅमी बोंबाबोंब करायचा, आइकच्या चारित्र्याचा उद्धार करायचा. दोघांपेक्षा जुना असलेला जॉर्ज मध्ये पडायचा आणि कधी कधी उलट सॅमीवरच डाफरायचा, एवढ्याशा केळ्यावरून किती कालवा करतोस म्हणून. दुसऱ्या दिवशी सॅमी पुन्हा डब्यात केळं घालून हजर.

हे सगळं टिपून ठेवणारा त्या खोलीतला चौथा कामगार म्हणजे डोनाल्ड रॉय, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला समाजशास्त्राचा प्राध्यापक. दोन महिने तो या तिघांच्या रांगेत उभा राहून मशीन चालवत होता. त्यावर त्याने लिहिलेला लेख १९५९-६० मध्ये ‘ह्यूमन ऑर्गनायझेशन’ या नियतकालिकात आला. नावच ‘बनाना टाइम’, आणि उपशीर्षकात दोन गोष्टी: कामातलं समाधान आणि अनौपचारिक वागणं. जेमतेम दहा-अकरा पानांचा हा लेख कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणारे अजूनही वाचतात. मॅनेजमेंटची जाडजूड पुस्तकं जे सांगताना धापा टाकतात ते यात एका केळ्यावर उभं आहे, असं माझं मत आहे.

आधी ती खोली बघू, जिला तिथे ‘क्लिकिंग रूम’ म्हणत. साधारण ३० फूट बाय २४ फूट. भिंतीला लागून ओळीने चार मशीन्स, समोर गज लावलेल्या खिडक्या, खिडकीबाहेर एका गोदामाची विटांची भिंत. दार बहुतेक वेळ बंद, आणि उघडलं तरी पलीकडे माणूस नसलेलं कोठार. बाकीच्या कारखान्याचा आवाजसुद्धा इथे पोचत नसे. मशीन म्हणजे पंचिंगचाच एक प्रकार: खाली ठोकळा, वर हातोडा. ठोकळ्यावर प्लॅस्टिकचा तुकडा अंथरायचा, त्यावर डाय, म्हणजे कापायचा साचा, ठेवायची, हँडल दाबलं की हातोडा दाणकन खाली येतो आणि आकार कापला जातो. डाय उचलायची, सरकवायची, पुन्हा दाबायचं. रॉयने याआधी बरीच अंगमेहनतीची कामं केली होती, पण इतकं कमी शिकवून कोणी कामाला लावलं नव्हतं. दोन-चार प्रात्यक्षिकं आणि हात सांभाळ एवढा इशारा, झालं ट्रेनिंग.

आणि हे काम किती तास? सॅमीचे नऊ. आइकचे अकरा. रॉयचे सकाळी आठपासून रात्री साडेआठपर्यंत, म्हणजे मधला अर्धा तास जेवणाचा सोडला तर बारा. जॉर्ज सातलाच यायचा आणि रॉयबरोबर साडेआठला निघायचा: तेरा तास. जॉर्ज आणि सॅमी पन्नाशीच्या उतारावर, आइक पन्नाशी नुकती ओलांडलेला. तिघेही युरोपातून आलेले, आणि तिघांनीही याहून बरे दिवस पाहिलेले. जॉर्जचं दुकान विमा नसताना जळून गेलं होतं. सॅमी हिटलरच्या फौजा शिरायच्या जरा आधी धंदा तिथेच टाकून देशाबाहेर पडला होता. आइकने शिकागोत वर्षानुवर्षं केलेलं कसबी काम सोडलं होतं.

वर साहेब कोण? कोणीच नाही म्हटलं तरी चालेल. फोरमन या खोलीत फिरकायचा नाही. सुपरिटेंडंट आठवड्या-दोन आठवड्यांनी तोंड दाखवून जायचा. एक गप्प गप्प माणूस अधूनमधून घुटमळताना दिसायचा, तो कार्यक्षमता मोजणारा कोणीतरी असावा असा यांचा तर्क, म्हणून त्याला ‘स्नूपर’, म्हणजे टेहळ्या, असं नाव पडलं होतं. युनियन होती, पण तिचं या खोलीला काही देणंघेणं नव्हतं. रॉय यावर एक तिरकस गोष्ट लिहून जातो: मालकाबद्दल धड रागही यांच्या वाट्याला नव्हता. कारखान्यात मालकाला शिव्या घालण्यात निदान वेळ तरी बरा जातो. इथे तीही सोय नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत रॉयची खात्री झाली होती की इथे खरी लढाई घड्याळाशी आहे. जॉर्जच्या मशीनजवळच्या फळीवर एक जुनं गजराचं घड्याळ टिकटिकत असायचं. पाय भरून यायचे, आणि डोक्याला काम एकच, सुटायला किती तास राहिले याची वजाबाकी. नोकरी सोडायचा विचार दुसऱ्याच दिवशी सुरू झाला.

मग त्याने स्वतःशी एक खेळ मांडला. हिरव्या प्लॅस्टिकचे इतके नग झाले की तपकिरी घ्यायचं. तपकिरीचे इतके झाले की डाय बदलायची. मध्येच ठोकळा खरवडून साफ करायचा, तेही बक्षीस म्हणून. बाहेरच्याला हे खुळेपण वाटेल. पण शंभर पानं तपासायची असताना ‘अजून दहा झाली की चहा’ असं स्वतःला न सांगणारा माणूस मला दाखवा. या खेळाने तास थोडे हलले. पण एकट्याने खेळायचा खेळ तो, किती पुरणार?

सुरुवातीला शेजारच्या तिघांकडे त्याचं लक्षच नव्हतं. कानावर पडायची ती बडबड. अधूनमधून पोरकट चाळे. सॅमी पाणी प्यायला किंवा लघवीला गेला की आइक त्याच्या मशीनचा स्विच बंद करायचा. सॅमी परत येऊन हँडल दाबायचा, हातोडा हलायचा नाही. सॅमी चिडायचा, आइक गालात हसायचा, जॉर्ज वडीलकीच्या सुरात रागवायचा. रोज, आणि दिवसातून अनेकदा. रॉयला प्रश्न पडला होता की आइकला याचा कंटाळा कधी येणार, किंवा सॅमीला आधी स्विच बघायची अक्कल कधी येणार.

थोड्या दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं की या दोन्ही गोष्टी कधीच होणार नाहीत, कारण होऊन चालणार नाही.

त्या खोलीत घड्याळाखेरीज आणखी एक वेळापत्रक होतं, कोणी न लिहिलेलं. सकाळी ‘पीच टाइम’: सॅमी दोन पीच काढून चौघांत वाटायचा आणि आइक फळाला नावं ठेवायचा. त्यानंतर तासाभराने केळ्याची चोरी. चोरीवरून सॅमीने पुरेशा शिव्या घातल्या की आइक चिडल्याचं सोंग करून सॅमीसमोरची खिडकी उघडायचा, हा ‘विंडो टाइम’. उघडतो, नको, उघडतोच, हिंमत असेल तर उघड, अशी लांबण आधी लागायची, आणि उघडल्यावर गार वारा लागून मी मरणार हा सॅमीचा विलाप. मग जेवण. दुपारी तयार माल न्यायला माणूस यायचा तो ‘पिकअप टाइम’. पुढे ‘फिश टाइम’, पुढे ‘कोक टाइम’. तासातासाला काहीतरी. प्रत्येक प्रसंग फार तर काही मिनिटांचा.

यातल्या बहुतेक प्रसंगांना त्यांनी नावं दिली होती, हे लक्षात घ्या. ‘जरा थांबूया’ असं कोणी म्हणत नव्हतं. बारा तासांचा सपाट, चेहरा नसलेला वेळ या माणसांनी स्वतः कापून त्याला खुंट्या ठोकल्या होत्या. माणूस बारा तास काढू शकत नाही. पीचपासून केळ्यापर्यंतचा एक तास मात्र काढू शकतो. शिवाय हे थांबे विश्रांतीचे म्हणावेत तर शरीराला फारशी विश्रांती मिळतही नव्हती. मिळायचं ते बोलायला काहीतरी. एका केळ्याची चोरी पुढचा अर्धा तास पुरायची: आधी आरडाओरडा, मग त्यावर टोमणे, मग जुन्या चोऱ्यांची उजळणी. रॉय म्हणतो की या रोजच्या चोरीने तो आधी चक्रावला होता, आणि पुढे तिची वाट बघायला लागला.

आता आपल्याला पडणारा सरळ प्रश्न: सॅमीला राग येत नव्हता का?

मानववंशशास्त्रात याचं एक उत्तर आधीपासून होतं. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश अभ्यासकाने १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिलं होतं. काही नात्यांमध्ये एकाने दुसऱ्याची टर उडवायची आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घ्यायची नाही, असा रिवाजच असतो. ज्यांना एकत्र राहायचं आहे पण ज्यांच्यात ताण यायला जागा आहे, अशा लोकांत हे नातं आढळतं. आपल्याकडे नव्या जावयाची मेहुणीने केलेली फजिती आठवा. चप्पल लपवली म्हणून जावई पोलिसात जात नाही, आणि लपवलीच नाही तर मात्र त्याला चुकल्यासारखं होतं. आइक आणि सॅमीचं तसंच. सॅमीच्या रागाला त्या नाटकात ठरलेली जागा होती. केळं घरी ठेवून येणं त्याला सहज शक्य होतं. तो आणत राहिला.

पण म्हणून हे सगळं गोडगुलाबी होतं असं समजू नये, आणि इथे मला रॉयचा लेख बाकी ‘आनंदी कार्यस्थळ’ छापाच्या लिखाणापेक्षा फार वरचा वाटतो. त्या चेष्टेला उतरंड होती. चार मशीन्सची रांग ही मानाचीही रांग होती: पहिला जॉर्ज, मग आइक, मग सॅमी, शेवटी नवखा रॉय. आइक सॅमीचं केळं चोरायचा, जॉर्जचं काही चोरल्याची नोंद नाही. जॉर्जला तासाला पाच सेंट जास्त मिळायचे आणि साहेबाचे निरोप तो आणायचा. तेही ‘साहेब म्हणतोय की आता हिरवं घ्या’ असे, स्वतःच्या नावावर हुकूम सोडण्याएवढी सत्ता त्याच्याकडे नव्हती.

जॉर्जचा खरा मान दुसरीकडून येत होता. त्याच्या मुलीचं लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झालं होतं. म्हणजे प्राध्यापक जॉर्जचे व्याही! हा विषय निघाला की खोलीत बाकी कोणी बोलायचं नाही. लग्नाला फोटोंसकट हजार डॉलर खर्च झाला, रविवारी दुपारी प्राध्यापकांबरोबर फिरायला गेलो, त्यांच्याकडे जेवलो, हे जॉर्ज सांगायचा आणि आइक-सॅमी देवळात बसल्यासारखे ऐकायचे. जावई बिचारा या कथेत लग्नातल्या केकइतकाच, असून नसल्यासारखा. रॉयने निष्कर्ष काढला की जॉर्जचं वजन त्या पाच सेंटांमुळे नव्हतं, व्याह्यांमुळे होतं. मुलीच्या सासरच्या मोठेपणावर बापाची चाळीत पत कशी वाढते हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि नेमका इथेच घात झाला. एका शुक्रवारी चेष्टेचा मोर्चा व्याह्यांकडे वळला. प्राध्यापक कसले, ते तर केस कापायला शिकवणाऱ्या शाळेत मास्तर आहेत, अशी पुडी सोडली गेली. रॉयचाही यात हात होता. रोजच्या हजार टवाळ्यांसारखी ही एक, असं टवाळी करणाऱ्यांना वाटलं असणार. जॉर्ज हसला नाही. तो गप्प झाला, त्याचं वागणं कडक झालं, आणि खोलीतलं बोलणं बंद पडलं. केळ्याची चोरी नाही, खिडकी नाही. रॉय त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतो.

पुढचे दिवस त्याने फार बारकाईने नोंदवले आहेत. काम तेच होतं, तासही तेवढेच होते. पण पाय पुन्हा दुखायला लागले. घड्याळ पुन्हा सरकेना. पहिल्या आठवड्यात गायब झालेला थकवा परत आला. दोनेक आठवड्यांनी अबोला सुटला, ठरलेली नाटकं पुन्हा सुरू झाली आणि त्याबरोबर थकवाही ओसरला. कंटाळ्याचं जनावर मांजराच्या पिल्लाइतकं निरुपद्रवी झालं, अशा अर्थाचं वाक्य रॉयने लिहिलं आहे. एरवी प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणावा लागेल असा प्रयोग इथे एका फसलेल्या विनोदाने घडवला: माणसं, मशीन, पगार, पाळी सगळं जिथल्या तिथे, फक्त आपसातलं बोलणं काढून घेतलं, आणि तेच काम असह्य झालं.

यावरून उत्साही मंडळी लगेच ‘टीम बाँडिंग’कडे धाव घेतात. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तीन ते चार ‘फन अ‍ॅक्टिव्हिटी’, हजेरी सक्तीची, फोटो ग्रुपवर टाकायचे. क्लिकिंग रूममधल्या एकाही ‘टाइम’ला कोणाची मंजुरी नव्हती, बजेट नव्हतं, आणि तो कोणी आखलाही नव्हता. तिथे चाललेलं टिकत होतं ते त्या माणसांनी स्वतः रचलं म्हणून, आणि कोणत्याही क्षणी मोडू शकत होतं म्हणून. वरून लादलेल्या मौजेला मोडायची भीती नसते, कारण ती मुळात कोणाचीच नसते.

आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. त्या खोलीत फळ्यांच्या आड, एका कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई कात्रीने रेनकोटचे भाग कापायच्या. त्या दोन महिन्यांत तिथे एकामागून एक दोघी आल्या, दोघीही कृष्णवर्णीय. लेखात त्या दोघी कडेकडेनेच येतात. पुरुषांच्या गप्पांत रात्रीच्या मर्दुमकीची चौकशी करणारे विनोद रोजचे होते. ते त्या बायकांना कसे ऐकू येत असतील, हे आपल्याला रॉयच्या लेखातून फारसं समजत नाही. भारतात आज हाच प्रकार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीपुढे जाऊ शकतो, आणि जायलाच हवा. सहकाऱ्यांमधला मोकळेपणा कोणाच्या खर्चाने चालतो, हा प्रश्न प्रत्येक हसऱ्या ऑफिसला विचारण्याजोगा आहे.

सव्वा डॉलरची लक्ष्मणरेषा

केळ्याच्या लेखामुळे रॉय प्रसिद्ध झाला, पण त्याचं पायाभूत काम त्याआधीचं आहे. नोव्हेंबर १९४४ पासून सुमारे अकरा महिने तो शिकागोतल्या एका मशीन शॉपमध्ये रेडियल ड्रिलवर, म्हणजे धातूला भोकं पाडायच्या मशीनवर, होता. रोज घरी जाऊन टिपणं काढायचा. आपण अभ्यासासाठी आलो आहोत हे त्याने ना कामगारांना सांगितलं ना मालकांना. आजची कुठलीही विद्यापीठ समिती याला इतक्या सहज परवानगी देणार नाही. याच साहित्यावर १९५२ पासून त्याचे लेख येत गेले.

तिथे नगावर पैसे होते, आपण ‘अंगावरचं काम’ म्हणतो तसे. प्रत्येक नगाचा दर ठरलेला. पण एक किमान हमीही होती: नगांचे पैसे कमी पडले तरी तासाला ८५ सेंट मिळणारच. आता कागदावर हिशोब सोपा आहे. जितके नग जास्त तितका पैसा जास्त, म्हणजे माणूस जीव तोडून काम करील. प्रत्यक्षात काय घडत होतं?

कामगारांनी कामाचे दोन ढीग केले होते. काही कामांना दर बरा होता, ती ‘ग्रेव्ही’, मलईची कामं. काहींना दर इतका वाईट की कितीही घासलं तरी ८५ सेंटांच्या वर जाणं कठीण, ती ‘स्टिंकर’, सडकी कामं.

समजा सडक्या कामावर घाम गाळून तासाला ७० सेंटांचे नग निघतात. पगार मिळणार ८५. आरामात केलं आणि ३० सेंटांचे निघाले, तरी मिळणार ८५च. मग घाम कशाला? इथे सगळे सरळ हात आखडता घ्यायचे. शिवाय त्यात एक डावपेच असायचा: हे काम या दरात होत नाही हे दिसत राहिलं, तर दर वाढण्याची आशा.

मलईच्या कामावर गणित उलटं फिरायचं. जोर लावला तर तासाला दीड-पावणेदोन डॉलर सहज सुटले असते. पण सव्वा डॉलरच्या वर कोणी जायचं नाही. नवा आलेला रॉय भाबडेपणाने विचारतो की जास्त होत असेल तर का नाही करायचं. जुने कामगार त्याला वेड्यात काढतात. दीड डॉलर दाखव, उद्या टाइम-स्टडीवाला घड्याळ घेऊन येईल, दर कापेल, आणि आज सव्वात होतंय ते काम परवा ८५ सेंटांत करायला लागेल. म्हणून सव्वाचा कोटा दुपारीच पुरा करायचा आणि उरलेला वेळ मशीन चालू असल्याचं भासवत काढायचा.

बाहेरून दोन्हीकडे आळसच दिसतो. आतून बघितलं तर मालकाने घातलेल्याच गणिताचं हे उत्तर आहे, आणि ते सगळ्यांनी मिळून काढलेलं आहे. सगळ्यांनी पाळलं तरच ते टिकतं. एकाने जरी कोटा मोडला तरी दर सगळ्यांचा कापला जाणार, म्हणून कोटा मोडणाऱ्याला गट सरळ करतो. शिकागोजवळच्याच हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये वायरिंग करणाऱ्या १४ पुरुषांच्या खोलीचं निरीक्षण झालं होतं. तिथेही असाच अलिखित आकडा होता, आणि जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर ठोसा मारायची पद्धत होती. हॉथॉर्नच्या अभ्यासकांचा सूर असा होता की कामगार भावनेच्या भरात, स्वतःचं हित न समजता वागतात. रॉयने मशीनवर उभं राहून दाखवलं की हिशोब कामगारांनाच नीट समजलेला होता.

मात्र मलईच्या कामावर कोटा गाठणं हा नुसता पैशाचा मामला नव्हता, हेही त्याने लिहिलं. कोटा गाठायची धडपड चालू असली की वेळ पळायचा, हात सफाईने चालायचे, आणि झाला की छाती फुगायची. सडक्या कामावर आराम असूनही दिवस लांब वाटायचा.

या कारखान्यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगाची वाटते. नगांवर काम करणाऱ्याला एकट्याला कोटा गाठता येत नाही. त्याला हत्यारं हवीत, ती टूल रूममधल्या माणसाकडे. मशीन लावून द्यायला सेटर हवा. पहिला नग इन्स्पेक्टरने पास करायला हवा. ही सगळी माणसं वेगवेगळ्या खात्यांची, नियम पाळायला बांधलेली. आणि वरून सतत नवे नियम यायचे: टूल रूममध्ये शिरायचं नाही, अमुक कागदाशिवाय हत्यार द्यायचं नाही. नियम आला की चार दिवस सगळं तुंबायचं. मग टूल रूमवाले, सेटर, इन्स्पेक्टर आणि ऑपरेटर मिळून त्यातून वाट काढायचे आणि काम पूर्ववत व्हायचं. पुन्हा नवा नियम. रॉय या संगनमताला ‘फिक्स’ म्हणतो, मराठीत तंतोतंत ‘सेटिंग’. त्याचं म्हणणं असं की वरचे ज्याला कार्यक्षमता म्हणून नियम पाठवत होते त्याने काम अडत होतं, आणि खालचे जो नियमभंग करत होते त्याने माल बाहेर पडत होता. हे पटायला कठीण वाटत असेल तर ‘नियमानुसार काम’ आंदोलन आठवा. कर्मचारी एकही नियम मोडत नाहीत, आणि तेवढ्याने सगळा कारभार ठप्प होतो.

तोच कारखाना, तीस वर्षांनी

१९७४ मध्ये मायकेल बुरावॉय नावाचा शिकागो विद्यापीठातला विद्यार्थी पीएच.डी.साठी त्या भागातल्या एका इंजिनच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर म्हणून लागला. दहा महिने राहिला. मध्येच कधीतरी रॉयचं जुनं लिखाण वाचताना त्याला ते फारच ओळखीचं वाटायला लागलं. कंपनीचं नाव बदललं होतं, मालक बदलले होते, पण कारखाना तोच निघाला. अभ्यासकाच्या आयुष्यात असा योग क्वचितच येतो.

कोट्याचा खेळ चालूच होता. आता मर्यादा टक्क्यांत होती, ठरवून दिलेल्या कामाच्या १४० टक्के. पण बुरावॉयने प्रश्न फिरवला. रॉय आणि त्याआधीचे सगळे विचारत होते की कामगार जास्त काम का करत नाहीत. बुरावॉय म्हणाला, खरं कोडं उलटं आहे: ते एवढं तरी काम का करतात? कोणी डोक्यावर उभं नाही, किमान पगार पक्का आहे, तरी माणसं घामाघूम होऊन १४० गाठायला धावतात. त्याचं उत्तर असं: खेळ लागला की माणूस जिंकायच्या मागे लागतो, आणि खेळ खेळत असताना खेळाचे नियम कोणी ठरवले हे विचारत नाही. कामगाराला वाटतं आपण मालकाला चकवतोय. तेवढ्यात मालकाला हवा तो माल तयार झालेला असतो, तोही खुशीने.

हा चष्मा लावून पुन्हा क्लिकिंग रूमकडे बघितलं की जरा अस्वस्थ व्हायला होतं. तीन उतारवयातली माणसं नऊ ते तेरा तास उभी राहून प्लॅस्टिक कापतात, आणि ते सुसह्य करायची सगळी जबाबदारी स्वतःच्या फळांवर आणि टवाळीवर उचलतात. कंपनीला याचा एक सेंट खर्च नाही. पाळी बारा तासांची का, बसायला स्टूल का नाही, हे प्रश्न केळ्याच्या गोंधळात विरून जातात. माझ्या मते इथे रॉय आणि बुरावॉय यांच्यात एकाची निवड करायची गरज नाही. ती थट्टा त्या माणसांची स्वतःची होती आणि कंपनीच्या सोयीचीही होती. दोन्ही खरं आहे.

आणि रॉयला हे दिसत नव्हतं असंही नाही. त्याने पुढची कित्येक वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घालवली, युनियन उभ्या करायच्या मोहिमा जवळून पाहत. त्यातून आलेला त्याचा लेख १९८० मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. युनियन होऊ नये म्हणून मालक काय काय करतात याचे त्याने तीन वर्ग पाडले. पहिला भीतीचा: कारखाना बंद करू, कामावरून काढू. दुसरा गोडीगुलाबीचा: पगारात थोडी वाढ, पाठीवर हात, आपण सगळे एकच कुटुंब. तिसरा बदनामीचा: युनियनवाले बाहेरचे, भ्रष्ट, देवाधर्माचे शत्रू. यातला मधला वर्ग आजच्या कंपन्यांच्या ईमेलमध्ये जवळपास शब्दशः सापडतो.